टर्निकेट खरंच रक्त थांबवतो का, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही साखर कारखान्याच्या सेफ्टी विभागात आहात. गळीत हंगामाआधी गव्हाण, मिल हाउस आणि वर्कशॉपमधल्या प्रथमोपचार पेट्यांत टर्निकेट, म्हणजे हातापायाच्या जखमेच्या वर आवळून रक्त थांबवायचे पट्टे, ठेवायचे आहेत. तीन विक्रेत्यांकडून मिळून चाळीस घेतलेत. काही महागडे, काही त्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळालेले, दिसायला सगळे सारखे. पेट्यांत टाकण्याआधी ते हातापायातलं रक्त खरोखर थांबवतात की नाही, हे कसं तपासायचं?

मी भूलतज्ज्ञ आहे. हाडांच्या ऑपरेशनमध्ये हवेचा टर्निकेट फुगवणं आणि वेळेवर सोडणं हे गेली बावीस वर्षं माझं रोजचं काम. पट्ट्याचा, दांडी पिळून आवळायचा टर्निकेट बांधायला शिकवणं हा त्यातून लागलेला नाद. म्हणून आधीच सांगतो, नुसता पट्टा तपासता येत नाही. जो बांधणार आहे त्याच्या हातासकट तो तपासावा लागतो. उत्तम पट्टा चुकीच्या हातात फसताना मी जितक्या वेळा पाहिलाय, तितक्या वेळा बनावट पट्टा मोडताना पाहिलेला नाही.

पहिल्यांदा ‘रक्त थांबलं’ म्हणजे काय ते ठरवू. पट्टा थोडा आवळला की रक्त थोडं कमी होईल, जास्त आवळला की जास्त कमी होईल, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. शिरांमधला दाब अगदी कमी असतो, जराशा आवळण्याने त्या मिटतात. धमनीत १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, ती इतक्याने मिटत नाही. म्हणजे अर्धवट आवळलेल्या पट्ट्याखालून रक्त येत राहतं, पण परतीची वाट बंद. मग ते जखमेतूनच बाहेर पडतं. लॅबमध्ये रक्त काढताना दंडाला रबर बांधतात ते नेमकं याचसाठी, शीर फुगावी म्हणून. काही वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत हात गेलेला एक शेतकरी आमच्याकडे आला होता. दंडाला नायलॉनची दोरी, घरच्यांनी जीव तोडून बांधलेली. हात जांभळा, टम्म सुजलेला, आणि जखमेतून धार चालूच. दोरी काढून जखमेवर थेट दाब दिला तेव्हा रक्त उलट कमी झालं. त्यामुळे तुमच्या तपासणीत ‘बऱ्यापैकी थांबलं’ असा रकाना ठेवूच नका. थांबलं किंवा नाही थांबलं, दोनच.

आता हे कळायचं कसं? बोटाने नाडी बघून, असं कुणीही सांगेल. बोट हे वाईट साधन नाही, पण ते लवकर हार मानतं. पट्टा आवळत नेला की बोटाला लागणारी नाडी आधी नाहीशी होते आणि त्यानंतरही धमनीतून थोडं रक्त झिरपत राहतं. त्यात बांधणाऱ्याच्या स्वतःच्या बोटातली नाडी, धावपळीत धडधडणारी, हा आणखी एक घोटाळा. बोटाच्या ऑक्सिमीटरवरची लाट सपाट होणं हीसुद्धा ढोबळ खूण आहे. थंड हातावर ती आधीच सपाट असते.

खरी कसोटी डॉपलरची. पेनासारखा प्रोब, त्यातून जाणारा ध्वनी वाहत्या रक्तावरून परत येतो आणि स्पीकरमधून ‘हुश्श-हुश्श’ असा ऐकू येतो. प्रवाह थांबला की आवाज थांबतो. अमेरिकी सैन्याच्या सॅन अँटोनियो इथल्या शस्त्रक्रिया संशोधन संस्थेने २००५ साली सात प्रकारचे टर्निकेट स्वयंसेवकांवर असेच तपासून प्रसिद्ध केले. त्यात सगळ्यांच्या सगळ्या स्वयंसेवकांत डॉपलर गप्प करणारे फक्त तीन निघाले. बाजारात आज दिसणारा दांडीवाला ‘कॅट’ (कॉम्बॅट ॲप्लिकेशन टर्निकेट) त्यातला एक.

डॉपलर विकत घ्यायची गरज नाही, उसना मिळतो. मात्र प्रसूतिगृहातून बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर आणू नका. माझ्या एका शिबिरात संयोजकांनी उत्साहाने तोच आणला होता आणि अख्खी सकाळ वाया गेली. तो दोन-तीन मेगाहर्ट्झचा, खोलवरचं ऐकण्यासाठी केलेला असतो. पावलाची धमनी कातडीखाली लगेच असते. तिला आठ मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब लागतो. मधुमेही रुग्णांच्या पायाची तपासणी जिथे होते त्या दवाखान्यात तो हमखास असतो. तिथल्या नर्सबाईंनाही बोलवा, कारण धमनी शोधण्यात त्यांचा हात डॉक्टरांपेक्षा चांगला असतो.

तपासणी अशी करा. स्वयंसेवकाला पाठीवर झोपवा, पाच मिनिटं शांत पडू द्या, बीपी मोजून लिहा. पायासाठी पावलाच्या वरची किंवा घोट्याच्या आतल्या बाजूमागची धमनी, हातासाठी मनगटातली. जेल भरपूर लावा, प्रोब तिरका धरा, साधारण ४५ ते ६० अंशात. चाबकासारखा ठेका धरून येणारा आवाज धमनीचा. वाऱ्यासारखा, श्वासाबरोबर चढउतार होणारा असेल तर ती शीर, जरा बाजूला सरका. सर्वात मोठा आवाज मिळाला की तिथे पेनाने खूण करा.

इथे दोन फसवणुका होतात. प्रोब जोरात दाबला तर पावलाची धमनी प्रोबखालीच मिटते, आवाज बंद होतो आणि श्रेय मांडीवरच्या पट्ट्याला जातं. दुसरी, पट्टा आवळताना दुखतं, पाय हलतो, प्रोब अर्धा सेंटिमीटर सरकतो, शांतता पसरते आणि सगळे टाळ्या वाजवतात. यावर उपाय एकच. पट्टा सोडल्यावर त्याच खुणेवर, प्रोब न हलवता, आवाज परत आला पाहिजे. आला तरच मधली शांतता खरी. नाही आला तर तो प्रयत्न खोडून टाका. तो यशातही धरू नका आणि अपयशातही.

आणि बांधणाऱ्याला डॉपलर ऐकू येता कामा नये. हे मी शिकवायला लागल्यावर दोन वर्षांनी माझ्या डोक्यात शिरलं. तोवर आमच्याकडे प्रत्येक जण पास व्हायचा, कारण आवाज बंद होईपर्यंत जो तो दांडी पिळत राहायचा! गव्हाणीपाशी रात्री तीनच्या पाळीला डॉपलर कुठून येणार? म्हणून आवाज हेडफोनमध्ये घ्या, तो फक्त प्रोब धरणाऱ्याच्या कानात. बांधणाऱ्याने स्वतः ठरवायचं आणि ‘झालं’ म्हणायचं. त्या क्षणी आवाज आहे की नाही, ते लिहायचं. पहिल्यांदा असं केलं तेव्हा आमचे वीस वर्षांचे अनुभवी वॉर्डबॉयसुद्धा नापास झाले. मीही झालो, मांडीवर.

मांडीवर का, त्याचं गणित सांगतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. पट्ट्याची रुंदी आणि अवयवाची त्रिज्या यांच्या गुणाकाराने पट्ट्यातल्या ताणाला भागलं की पट्ट्याखालचा दाब मिळतो. पट्टा ३.८ सेंटिमीटर रुंदीचा धरा. दंडाचा घेर ३० सेंटिमीटर असेल आणि २०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब हवा असेल, तर पट्ट्यात साधारण पाच किलोचा ताण लागतो. मांडीचा घेर ५४ सेंटिमीटर, दाब ३०० हवा, तर तोच ताण तेरा किलोच्या पुढे जातो. दंडावर सहज जमणारा माणूस मांडीवर फसतो तो या फरकामुळे. आणि दाबाचे हे आकडे सगळ्यांना सारखे नाहीत. पट्टा जितका अरुंद आणि अवयव जितका जाडा, तितका दाब आत पोचायला जास्त लागतो. ऑपरेशनमध्ये मी मांडीला दहा सेंटिमीटर रुंदीचा कफ बांधतो तेव्हा रक्त थांबतं तो दाब मोजून त्यावर ४० ते ८० ची भर घालतो आणि तेवढ्यावर भागतं. अरुंद पट्ट्याला ही चैन नाही. म्हणूनच एकाने थांबलं नाही तर त्याच्या वरच्या अंगाला लागून दुसरा बांधतात, रुंदी दुप्पट होते.

नवशिक्यांची समजूत अशी की सगळं काम दांडी करते. दांडीचं काम शेवटचं. आधी पट्टा हाताने खेचून त्यातली ढील पूर्ण काढायची, इतकी की पट्ट्याखाली बोटांची टोकं जाऊ नयेत, आणि मगच पिळायचं. ढील राहिली तर दांडी तीच गोळा करण्यात चार-पाच फेरे घालवते, कापड गाठीसारखं गोळा होतं, कातडी चिमटते, दुखतं भयंकर, आणि प्रवाह चालूच राहतो. दोन-तीन फेऱ्यांत काम झालं नाही तर समजा ढील राहिली आहे. सगळं सोडून पुन्हा खेचायचं. माझ्या नोंदींत सर्वाधिक अपयशं या एकाच कारणाची आहेत. शिकवताना मी पट्ट्याच्या टोकाला प्रवासी बॅगा तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवतो आणि दहा किलो दिसेपर्यंत ओढायला लावतो. बकलमधल्या घर्षणामुळे तो आकडा म्हणजे काही आतला खरा ताण नव्हे, पण ‘घट्ट’ म्हणजे किती, हे हाताला कळतं. लोक चकित होतात. त्यांच्या मनातलं घट्ट तीन-चार किलोचं असतं.

वेळही मोजा. हातात पाकीट दिल्यापासून ‘झालं’ म्हणेपर्यंत एक मिनिट, त्याहून जास्त लागलं तर नापास. ही कठोर अट मी उगाच घालत नाही. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. बगदादमध्ये २००६ साली जॉन क्रॅग या अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सकाने टर्निकेट बांधलेल्या २३२ जखमींची नोंद ठेवली. शॉकमध्ये, म्हणजे रक्त गेल्याने बीपी कोसळण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी ज्यांना टर्निकेट लागला त्यांतले सुमारे नव्वद टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर लागला त्यांतले दहा टक्के. त्याच नोंदींत निव्वळ टर्निकेटमुळे एकही अवयव कापावा लागल्याचं आढळलं नाही. ‘टर्निकेट बांधला की हात जातो’ हे आमच्या पिढीला शिकवलं होतं, ते तेव्हापासून मागे पडलं.

‘झालं’ म्हटल्यावर लगेच सोडू नका. आणखी एक मिनिट ऐकत राहा. आवळलेल्या पट्ट्याखाली स्नायू सैलावतात, मांस दबून बसतं, कापड थोडं ताणतं, आणि दाब उतरतो. ‘झालं’च्या क्षणी गप्प असलेला डॉपलर चाळीसाव्या सेकंदाला हळूच ‘हुश्श’ करतो, हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पटत नाही. प्रत्यक्ष अपघातात, बांधून झाल्यावर आणि रुग्ण स्ट्रेचरवर घेतल्यावर पुन्हा बघा, असं सांगतात ते यासाठी. मला तर वाटतं, तुमच्या चाळीसपैकी स्वस्त नग पडतील ते इथेच पडतील.

स्वस्त नगांबद्दल दोन शब्द. डॉपलरआधी ते टेबलावर तपासा. दांडी दोन्ही हातांनी वाकवून बघा, लवली तर बाजूला ठेवा. शिवण ओढून बघा. दांडी अडकवायची खाच दाबून बघा, कडेला पांढरी रेघ उमटली तर ते प्लास्टिक ताणाखाली तुटणार. वेल्क्रो वीस वेळा उघडबंद करा. मग तुमच्या कारखान्यातलीच परीक्षा द्या: बगॅसची (उसाच्या चिपाडाची) भुशी चोळा, हात तेलकट करा, पट्टा ओला करा, आणि परत बांधा. वेल्क्रोत भुशी बसली की चांगल्या नगाचीही पकड कमी होते. हे मी तुमच्यासारख्याच एका ठिकाणी बघितलंय. खाकी पँटवरून बांधून बघा, खिशात मोबाइल आणि टेप ठेवून. पट्ट्याखाली मोबाइल आला तर दाब एका बाजूलाच पडतो. खिसे रिकामे करायची आठवण ठेवण्याचाही मार्क ठेवा.

किती जणांवर तपासायचं? प्रत्येक प्रकारच्या पट्ट्यासाठी निदान दहा बांधणारे आणि वेगवेगळ्या घेराच्या मांड्या. दहापैकी दहा यशस्वी झाले म्हणून हुरळून जाऊ नका. सांख्यिकीतला एक सोपा ठोकताळा आहे. तीस प्रयत्नांत एकही फसला नाही, तरी खरा अपयशाचा दर दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. उलट दहात दोन फसले तर निर्णय लगेच झाला. एवढ्याशा तपासणीत वाईट पट्टा लवकर कळतो, चांगला सिद्ध व्हायला वेळ लागतो. म्हणून महागडे आणि स्वस्त एकाच माणसाला, चिठ्ठी काढून क्रम ठरवून, बांधायला द्या. दुसऱ्या खेपेला हात सरावलेला असतो, त्याचा फायदा कायम एकाच प्रकाराला मिळू नये.

आता ज्याच्या पायावर हे करणार त्याच्याविषयी. हे दुखतं, खोटं सांगू नका. लेखी संमती घ्या, डॉक्टर समोर हवा, आणि त्याने ‘सोडा’ म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं. एका पायावर एका वेळी बांधलेला वेळ दोन-तीन मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि तोच पाय दिवसभर वापरू नका. ज्यांना पायात रक्ताची गुठळी झाली होती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, मधुमेहाने पायाला बधिरता आहे, बीपी ताब्यात नाही, डायलिसिससाठी शीर-धमनी जोडून केलेला फिस्टुला आहे, किंवा बाई गरोदर आहे, त्यांना घेऊ नका. आणि सिकलसेलबद्दल स्पष्ट विचारा. ऊसतोड आणि हंगामी कामगार कुठून कुठून येतात. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत हा आजार बराच आहे, आणि रक्त अडवलेल्या अवयवात अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वरिष्ठांनी हुकूम केला म्हणून कुणी झोपणार असेल तर त्यालाही नको. या नोंदी पुढे कुठे छापायच्या असतील तर सुरुवात करण्याआधीच नैतिकता समितीची मंजुरी लागते, नंतर मिळत नाही.

या साऱ्या तपासणीला मर्यादाही आहेत. तुमचा स्वयंसेवक शांत पडलेला, बीपी १२०. खरा जखमी आला तेव्हा ८० वर असेल, पट्टा सहज काम करेल. मग ॲम्ब्युलन्समध्ये सलाइन लागतं, बीपी वर चढतं आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. ही गोष्ट स्वयंसेवकावर दाखवता येत नाही, सांगावी लागते. बीपी जास्त असलेला दणकट माणूस तुमच्या तपासणीत नसतो, अपघातात असू शकतो. आणि जांघ, काख, मान इथे पट्टा बसतच नाही. तिथे जखमेत कापड कोंबून दाबून धरायचं, त्याची तालीम वेगळी घ्या.

तुम्ही विचारलंय की पट्टा नसेल तर टॉवेल आणि स्क्रू-ड्रायव्हर चालेल का. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर जागेवर २७ टर्निकेट बांधले गेले, सगळेच्या सगळे जुगाडाचे. म्हणजे वेळ आली की माणसं हेच करतात. तुम्हीही तपासा, त्याच पद्धतीने. रुंद पट्टी आणि न मोडणारी दांडी दोन्ही असेल तर कधी कधी डॉपलर गप्प होतो. नुसत्या गाठीने मांडीवर तो गप्प झालेला मी अजून ऐकलेला नाही. पेन्सिल मोडते.

आणि एक विषयांतर, कारण उसाच्या फडाशी तुमचा संबंध आहे. या प्रशिक्षणानंतर कुणीतरी हा पट्टा सर्पदंशावर बांधणार, याची मला खात्री आहे. बांधायचा नाही. त्याने विष रोखलं जात नाही, अवयवाचं नुकसान मात्र होतं. हात-पाय न हलवता सरळ दवाखाना. पेटीच्या झाकणाच्या आतून मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेवा.

शेवटचं काम पेट्यांचं. ज्या नगांवर तालीम केली ते पेटीत परत ठेवू नका. दांडी आणि शिवण एकदा पूर्ण ताण सोसलेली असते. त्यांच्यावर निळ्या रंगाचा पट्टा मारा आणि ते फक्त सरावाला ठेवा. पेटीतले नवे नग प्लास्टिकच्या वेष्टणातून काढून, पट्टा बकलमधून ओवून, एका हाताने घालता येईल असा मोठा फास करून ठेवा. ओल्या बोटांनी वेष्टण फाडायला किती वेळ जातो, तेही एकदा घड्याळ लावून बघा. भुशीपासून वाचवायला झिपची पिशवी पुरते. उन्हात लटकवू नका, ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं. सोबत एक मार्कर ठेवा, बांधल्याची वेळ लिहायला, कारण दोन तासांच्या आत तो पट्टा काढायचा निर्णय माझ्यासारख्या कुणाला तरी घ्यायचा असतो आणि त्या वेळी पहिला प्रश्न ‘कधी बांधला?’ हाच असतो. टेबलावरच्या चाचणीत किती नग पडले ते मोजा आणि कळवा, प्रकारानुसार. त्या यादीवरून डॉपलरसाठी कोणते ठेवायचे ते सांगतो.